पाव्हनी

"मंग काऊन बोंबलून राहिली? पाव्हनी हाय थे. आली तशी जाते," असं म्हणून भोजराजमामानं विषय संपवला आणि अर्जुनी मोरगावच्या बाजारात युरिया कसा मिळत नाही ते सांगायला लागला. दामिनीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी होती. समोरच्या चिंचोळ्या सांदवाडीत, कपडे धुवायच्या दगडावर, एक लांबलचक धामण पसरली होती. बादली घ्यायला दामिनी बाहेर गेली होती, आणि बादलीच्या कडीला हात लावता लावता तिला ती दिसली. बादली तिथंच टाकून ती आत आली. ओमेशला, नवऱ्याला, फोन लावला. तो मिलमध्ये होता, त्यानं उचलला नाही. मग हात आपसूक मामाच्या नंबरावर गेला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. एरवी दिवाळीला नाहीतर कुणी गेलं तरच त्याच्याशी बोलणं व्हायचं, आणि आज साप निघाला म्हणून आपण त्याला का फोन केला हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

"मामा, थांबा. कोण आहे म्हणालात?"

"पाव्हनी जी. भुलली का? आपल्या घरच्या बाया नाव नाही घेत ना घरात फिरनाऱ्याचं. बिखाचं असलं त धनी, बिनबिखाचं असलं त पाव्हनी. धनी आला त बाजूले व्हाचं, पाव्हनी आली त आपलं काम करत राहाचं. तुही माय काय म्हनते मंग तिले?" उत्तराची वाट न पाहता मामाच सांगत राहिला. "अना उचलून नेऊ देऊ नोको कोनाले. तिकडे जंगलात सोडतेत, पन तिले तिथले रस्ते नाही माहीत. मरते थे. माय कसी हाय तुही?"

"बरी आहे," दामिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पाव्हनी. तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. गेल्या वर्षी पावसाळाभर हाच शब्द तिनं रोज ऐकला होता. दुपारी ती शाळेत शिकवून यायची, ताट घेऊन बसायची, आणि माय, सावित्रीबाई, भात वाढता वाढता सांगायची, "आज पाव्हनी आली होती." कोण पाहुणी? "पाव्हनी वो. आली, बसली, गेली." शेजारची कुणीतरी असेल म्हणून दामिनीनं सुरुवातीला कान दिला नाही. मग एकदा शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, हम तो आए ही नहीं. तेव्हा मायला खोदून विचारणं सुरू झालं. दिसते कशी? पिवळी. उंच आहे का? लांब हाय. काय बोलते? "बोलत नाही. पाहते." येते कुठून? मायनं मागच्या भिंतीकडे हात केला. भिंतीपलीकडे राईस मिलच्या कोंड्याचा ढीग होता आणि भिंतीला दार नव्हतं. आणि एका संध्याकाळी, वीज गेलेली, दोघी पायरीवर वारा घेत बसलेल्या, माय सहज म्हणाली, "पाय नाही ना तिले. तरी कसी झपझप जाते." त्या संध्याकाळी दामिनीच्या अंगावर सरसरून काटा आला होता. आता उजेडी, धामण डोळ्यांसमोर असताना, त्या वाक्याचं हसू यायला हवं होतं. तिनं वाटही पाहिली. आलं नाही.

डॉक्टर भला माणूस होता. गोंदियासारख्या शहरात मनाच्या दुखण्याची दवा देणारे मोजकेच, त्यातला हा मऊ बोलणारा. पण त्याला हिंदीशिवाय काही येत नव्हतं आणि मायला हिंदी बाजारापुरतीच. म्हणून मधे दामिनी बसली. तो विचारायचा, ती मायला मराठीत विचारायची, माय तिच्या झाडीबोलीत सांगायची आणि दामिनी त्याला हिंदीत सांगायची. वो कहती हैं, कोई मेहमान औरत आती है. पीले कपड़ों में. लंबी है. बात नहीं करती. पैर नहीं हैं. एवढं बोलताना आपण चार शब्द इकडचे तिकडे केले, पिवळीची पिवळ्या कपड्यातली बाई केली, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. सोपं करून सांगायची मास्तरकीतली सवय. नाम क्या है उसका, डॉक्टरनं विचारलं. माय म्हणाली, नाव नाही घेत. क्यों नहीं लेते? "नाही घेत जी," माय म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. घरात पीले कपड़ों में कोई गुज़रा है क्या? तेव्हा मायनं नव्हे, दामिनीनं आठवून सांगितलं होतं: हां, इनकी बड़ी बहन. बायजाबाई. तालाब में डूबी थीं. सुहागन थीं, पीली साड़ी में ले गए थे. डॉक्टरनं मान हलवली आणि लिहायला लागला. मायला तेवढ्यात बायजाचं नाव ऐकू आलं. ती दामिनीकडे वळून म्हणाली, "बायजाचं काय काढून राहिली वो इथं?" पण ते दामिनीनं हिंदीत सांगितलं नाही, कारण त्याचा संबंध आहे असं तिला वाटलं नाही.

मायचं विसरणं तेव्हा सुरू झालेलं होतंच, हेही खरं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. रेल्वेचा भोंगा झाला की ती दामिनीच्या वडिलांच्या येण्याची वेळ झाली म्हणायची, आणि त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणून सगळ्यांना ते पटकन पटलं. मन एकदा घसरायला लागलं की कुठवर घसरतं याचा कुणाला नेम सांगता येतो? ओमेशनं गोळ्या आणल्या. पहिल्या आठवड्यात माय नुसती झोपली. मग उठली, पण अर्धीच उठली. पाऊल उचलून टाकणारी बाई फरशीवरून पाय घासत चालायला लागली. हात थरथरायचा म्हणून चहा बशीत देणं बंद करून पेल्यात द्यावा लागला. तोंडावरची रेघ हलेना. ओठांच्या कोपऱ्यात लाळ जमायची आणि ती पुसायचं तिला सुचायचं नाही. पाहुणीचं बोलणं मात्र थांबलं. मधूनमधून डॉक्टर विचारायचा, अब कोई दिखता है मांजी? माय म्हणायची, "नाही." चांगलं, छान. येणारे-जाणारेही म्हणायचे, किती शांत झाल्या तुमच्या आई. दामिनीही म्हणायची, हो, बराच फरक आहे.

धामण अजून तिथंच होती. पोटाच्या जरा पुढं तिचं अंग फुगलेलं होतं. मिलच्या कोंड्यावर माजलेला एखादा उंदीर गिळून ती उन्हाला आली असावी. पोळ्याला पाऊस झोडपून गेला होता आणि आज तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अशी लख्ख उघडीप पडली होती की दगडातून वाफ निघत होती. दामिनीनं आयुष्यात इतक्या जवळून, इतका वेळ साप पाहिला नव्हता. मघाचा घाबरा श्वास आता खाली बसला होता आणि डोळे आपले आपण पाहत होते. अंग पिवळसर, धानाच्या ओल्या तणसाच्या रंगाचं. शेपटीकडे काळ्या रेघांची जाळी. ओठांवरच्या खवल्यांना काळी किनार, कुणी बारीक सुईनं शिवून घ्यावी तशी. डोळा मोठा, गोल, त्यात राग नव्हता आणि प्रेमही नव्हतं. जीभ बाहेर यायची, हवेत थरथरायची, आत जायची. बरगड्या श्वासाबरोबर उघडमीट करायच्या आणि कातडीवर उन्हाची एक पट्टी मागंपुढं सरकायची. किती सुंदर आहे ही, दामिनीला वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाटलं की हे सुंदर मायला माहीत होतं, ती रोज जेवणाच्या वेळी आपल्याला तेच सांगत होती, आणि आपण तिला त्याच्यावर औषध दिलं.

असं वाटल्याबरोबर ती उंबऱ्यावरच बसली. आणि बसल्यावर ते आलं, इतकी वर्षं कुठं होतं कोण जाणे. मायच्या माहेरचं घर. तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचं गाव, तलावाची पाळ आधी आणि गाव नंतर असं. पाळीखालचं कौलारू घर, त्यात बांबूची, शेणानं लिंपलेली, धान साठवायची ढोली. माय सुपात तांदूळ पाखडते आहे आणि भिंतीच्या कडेनं एक पिवळं, लांब काहीतरी ढोलीकडे निघालं आहे. माय एक पाय उचलते, ते निघून जातं, माय पाय खाली ठेवते. सुपाचा आवाज थांबत नाही. "पाव्हनी आली, पाय घे," एवढंच ती म्हणते, आणि खाटेवरची लहान दामिनी पाय वर घेते. भीती नव्हती. बसमध्ये कुणी जायला वाट मागावी आणि आपण गुडघे आवळावेत, तितकं साधं होतं ते. नाव का घ्यायचं नाही तेही मायनं सांगितलं होतं: नाव घेतलं की तिला वाटतं आपल्याला बोलावलं, नाहीतर हाकललं, आणि घरच्या पाहुणीचा दोन्हींत अपमान. मग पाचवीला दामिनी गोंदियाच्या वसतिगृहात आली. पहिल्याच पावसाळ्यात तिनं मुलींना विचारलं, तुमच्याकडे पाव्हन्या येतात का, ढोलीखाली राहतात का? मुली इतक्या हसल्या की पुढं महिनाभर तिला ढोली म्हणून चिडवत होत्या. तिनं ढोली टाकली, पाव्हनी टाकली, हाय टाकलं, मले-तुले टाकलं. पुस्तकातली मराठी उचलली आणि ती इतकी चांगली उचलली की पुढं तीच शिकवायला लागली.

आता वर्गात पोरं हिंदीत भांडायची आणि पेपरात मराठी लिहायची, आणि दामिनी लाल पेनानं त्यांच्या काना-मात्रा सुधारायची. ते ठीकच होतं, त्याचा पगार होता. पण ती घरी येऊनही सुधारायची. माय इथं राहायला आल्यावर म्हणायची, "मी आलो," "मी जेवलो," तिकडच्या सगळ्या बाया म्हणतात तसं. दामिनी म्हणायची, मी आले माय, मी जेवले. "हो, आले," माय म्हणायची. हळूहळू पाहुण्यांसमोर माय नव्या चपला घातल्यासारखी जपून बोलायला लागली, आणि चपला चावतात म्हणून माणूस बसूनच राहतं तशी मग कमीच बोलायला लागली. तिचं स्वतःचं बोलणं जेवढं उरलं होतं तेवढं ती मागच्या सांदवाडीत नेऊन बोलत असावी. दामिनीनं एकदोनदा ऐकलंही होतं, स्वयंपाकघरातून: "बस. बस जराशी. कोठी जाऊन राहिली एवढ्या उन्हाची?" तेव्हा भिंतीशी बोलणारी आई ऐकून तिला रडू आलं होतं. आणि माय तर घरी आलेल्याशी बोलायचं असतं तसं बोलत होती.

फोन वाजला. ओमेश होता. "मिस कॉल था तेरा. काय झालं, मांजी ठीक है ना?"

"धामण निघाली. मागं, दगडावर," दामिनीच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर ते परत घेता येईल असं नव्हतं.

"हाथ मत लगाना. दरवाजा बंद कर. मैं कैलाश को लेके आता हूं, यहीं मिल में आया है वो. काऊन घाबरते, उठाके ले जाएगा. जंगल में छोड़ देगा, बस." ओमेशचा आवाज आनंदी होता. त्याला निस्तरता येण्यासारखी अडचण आली की तो खुशीत यायचा. कैलाश साप पकडायचा. बरणी, आकडा, आणि मोबाईलवर व्हिडिओ. वाईट माणूस नव्हता, कधी साप मारू द्यायचा नाही. पण उचलून न्यायचा. मरते थे, मामा म्हणाला होता.

नको आणू त्याला, असं म्हणायला दामिनीनं तोंड उघडलं, पण फोन बंद झाला होता. मग तिच्या मनात दुसरंच आलं आणि ती सावरून बसली. येऊ दे ओमेशला. त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहावं. पिवळी, लांब, पाय नसलेली, न बोलणारी, मागच्या भिंतीकडून येणारी. ती म्हणेल, हीच मायची पाहुणी. मग त्यालाही कळेल. तो डॉक्टरला सांगेल, पुरुषानं सांगितलं की डॉक्टर लवकर ऐकतात. गोळ्या कमी होतील. सगळं विसरणं काही परत येणार नाही, मीठ दोनदा पडेल, भोंग्याला वडील येतील. पण माय पाऊल उचलून चालेल, बशीत चहा पिईल आणि जे दिसतं ते सांगेल. तेवढ्यासाठी धामण गेली तर जाऊ दे. हे तिनं मनाशी अगदी स्पष्ट म्हटलं, आणि समोर उन्हात पडलेल्या त्या जनावराच्या डोळ्याला डोळा देणं तिला अवघड झालं. त्याआधी मायला एकदा दाखवायला हवं. मायच्या तोंडून तो शब्द पुन्हा ऐकायला हवा. कसलंही औषध बंद होण्याआधी तिला तेवढं हवंच होतं.

माय बाहेरच्या खोलीत खाटेवर बसली होती, सकाळी बसवली तशीच. रस्त्यावरून तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैलांची चाकं खडखडवत जात होती. सकाळी त्यांनीच नारबोदचा पुतळा गल्लीबाहेर ओढत नेला होता, खोकला ने, ताप ने, ढेकूण-डास ने, साप-विंचू ने अशा आरोळ्या देत. दाराला खोचलेली पळसाची डहाळी दामिनीनं त्यांच्या मागोमाग फेकली होती आणि त्या आरोळीत मनातल्या मनात मायचं दुखणंही घातलं होतं.

"माय, चल. मागं चल जरा. गंमत दाखवते."

माय उठली. का, कुठं, काही विचारलं नाही. हल्ली कुठं न्यायचं म्हटलं की ती नुसती उठायची. दामिनीनं तिचा हात धरला. फरशीवर पायांचा घासता आवाज स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत गेला. दामिनीनं उंबऱ्यापाशी पाट मांडला आणि तिला हळूच खाली बसवलं, आपण शेजारी बसली. ऊन मायच्या गुडघ्यांवर पडलं. धामणीनं डोकं थोडं उचललं होतं, दाराकडे. जीभ आली, गेली. मायची नजर आधी बादलीवर होती, मग दगडावर गेली आणि तिथं थांबली. थरथरणारा हात थांबला नाही, तोंडावरची रेघही हलली नाही. पण उजवा पाय, इतके महिने फरशीवरून घासत जाणारा पाय, तिनं पाटावर अलगद वर घेतला.

"कोण आहे ती, माय?" तिनं विचारलं.

माय दगडाकडेच पाहत राहिली.

"सांग ना. कोण आलंय?"

"नाही," माय म्हणाली. "काही दिसत नाही मला." आणि ते तिनं पुस्तकात छापावं इतक्या शुद्ध मराठीत म्हटलं, एकेक शब्द सुटा, दवाखान्यात म्हणायची तसं.

दामिनी मायकडे वळली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. "माय, दिसते ना तुला. मलाही दिसते. ही बघ, दगडावर. पिवळी. पाव्हनी आहे ना ती? मले दिसून राहिली, माय." तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते मले आलं, वेडंवाकडं, दुसऱ्याचं उचलल्यासारखं. त्या शब्दानं माय वळली. तिनं दामिनीच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि तिच्या त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावर हळूहळू एक भीती आली. सापाची भीती ती नव्हतीच. मुलाला ताप चढलाय हे हात लावल्यावर आईला कळतं, तशी ती भीती होती.

"तुले बी दिसते का?" मायनं विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"आजच."

मायनं आपला हात सोडवून घेतला आणि दामिनीचं मनगट धरलं. त्या पकडीत इतका जोर असेल असं दामिनीला वाटलं नव्हतं. माय तिच्या कानाशी वाकली. तोंडाला औषधाचा कडसर वास येत होता. "सांगू नोको कोनाले," ती म्हणाली. "विचारलं त नाही म्हन. मी नाही म्हनतो ना, तसं म्हन. दिसते म्हटलं का दवाई वाढवतेत. मंग पाय नाही उचलत, बाई. काहीच नाही उचलत. तू अजून धडधाकट हायेस. नाही म्हन."

पुढच्या दाराशी मोटारसायकल थांबली. जमिनीतून त्याचा हादरा मागं आला असावा, कारण धामण हलली. तिनं घाई केली नाही. आधी मान, मग ते फुगलेलं पोट, मग जाळीची शेपटी, अशी ती दगडावरून उतरली, उंबऱ्याच्या समोरून, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून गेली आणि न्हाणीच्या भिंतीखालच्या भोकात शिरायला लागली. दोघी पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेपटी आत जाईपर्यंत माय तिच्याकडे पाहत होती, आणि तेवढ्या वेळात मायचा चेहरा गोळ्यांआधीचा दिसला. मग घरातून ओमेशचा आवाज आला. "दामिनी? किधर है?" मायची नखं मनगटात रुतली.

ओमेश स्वयंपाकघरातून आला, मागं कैलाश, हातात आकडा आणि पांढरी बरणी. ओमेशनं आधी सासूला पाहिलं आणि तो गडबडला. "अरे, मांजी को यहां काऊन बसवलं? साप कहां है?"

कैलाशनं दोघींच्या डोक्यावरून सांदवाडी न्याहाळली. त्याची नजर भोकावर गेली. "बिल में गई होगी वहिनी, तर काढतो मी. दो मिनट का काम. भिंत जराशी फोडावी लागेल बस."

आता बोलायचं होतं. हो, इथंच होती, हीच मायची पाहुणी, माय खरं बोलत होती, आपणच चुकलो. सगळं वाक्य दामिनीच्या जिभेवर तयार होतं, एकही मात्रा न चुकता. तिनं मायकडे पाहिलं. माय समोर पाहत होती, तोंड पुन्हा विझलेलं, लाळेचा थेंब कोपऱ्यात. फक्त पदराआड तिची मूठ दामिनीच्या मनगटावर आवळलेली होती. ही बाई आपल्याला वाचवते आहे, दामिनीला कळलं. हिला जे आलं ते आपल्याला येऊ नये म्हणून हिनं जवळ उरलेलं सगळं बळ या मुठीत आणलं आहे. आपण हो म्हटलं तर तिच्या लेखी आपण गेलो, आणि भिंत फुटली की तिची पाव्हनीही गेली. नंतर सांगता येईल, दामिनीनं स्वतःला समजावलं. उद्या, एकट्या ओमेशला, शांतपणे.

"साप नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे? तूने तो बोला, दगडावर, धामण."

"काही नव्हतं तिथं. मला भास झाला."

मायची मूठ सैल झाली. तिनं दामिनीच्या मनगटावरून हात एकदा फिरवला आणि आपल्या मांडीवर ठेवून दिला. कैलाश हसला, म्हणाला, होता है वहिनी, दोरी सुद्धा साप दिसते पावसाळ्यात, आणि बरणी काखेत मारून बाहेर गेला. ओमेश हसला नाही. तो दारात उभा राहून रिकाम्या दगडाकडे पाहत राहिला, मग सासूकडे, मग दामिनीकडे. बराच वेळ पाहून तो तिच्याजवळ उकिडवा बसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दवाखान्यात मायशी बोलायचा त्याच मऊ आवाजात त्यानं विचारलं, "आज ही हुआ ना ऐसा? पहले तो कभी नहीं दिखा ना काही?"

"नाही," दामिनी म्हणाली.